यरुशलेम जाळणारे खास्दी: नुसते खलनायक?

हेमाडपंती
बायबलच्या जुन्या करारात खास्दी, म्हणजे बाबेलचे (बॅबिलोनचे) राज्यकर्ते, भेटतात ते बहुतेक वेळा जाळपोळ करतानाच. त्यांचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास यरुशलेमचं मंदिर जाळलं, माणसं बाबेलला नेली. एवढ्यावर आपण त्यांचा निकाल लावून टाकतो. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

त्यांच्या आधीचे अश्शूरी बघा. उत्तरेचं इस्राएल राज्य मोडल्यावर त्यांनी लोक लांब लांब पांगवले आणि शोमरोनात, त्याच्या राजधानीच्या मुलखात, परके आणून वसवले. नेलेल्यांपैकी बहुतेकांचा पुढे मागमूस लागत नाही. खास्द्यांनी यहूदात, म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या राज्यात, बाहेरचे लोक आणून भरले नाहीत. नेलेल्यांनाही एकत्र राहू दिलं. बॅबिलोनियात ‘आल-याहूदू’ नावाचं त्यांचं गावच होतं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर जव, खजूर, जमीन, कर असे रोजचे व्यवहार लिहिलेले आहेत. कैदेतला राजा यहोयाखीन याच्या नावचा तेलाचा शिधाही बाबेलच्या राजवाड्यातल्या पाट्यांवर सापडला. शेजारी त्याच्या पाच मुलांचा शिधा. शत्रूच्या कारकुनाने त्याला ‘यहूदाचा राजा’ असंच नोंदवलंय. राज्य बुडालं तरी समाज शाबूत राहिला, याचं श्रेय या धोरणाला द्यायलाच हवं.

कुलाबकर
साफ असहमत. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याचं नावही धाग्यात नाही! यरीहोच्या मैदानात त्याला गाठला, रिब्लाला नबुखद्नेस्सरापुढे नेला, डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. आयुष्यभर काय आठवत राहावं, हे जणू ठरवून दिलेली ही शिक्षा. वेढा दीड वर्षाच्या आसपास चालला. आयांनी पोटची पोरं शिजवली, असं बायबलमधल्या विलापगीतात लिहिलंय.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. मंदिर पडल्याचा अव महिन्यातल्या नवमीचा उपास कोकणात आमच्याकडे ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जायचा, वालाच्या बिरड्यावरून. अलिबागच्या बाजूच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या ज्या दिवसाचं सुतक पाळलं, त्याला कारण झालेल्यांना धोरणाचं श्रेय? शिधा तर ओलिसालाही मिळतो. राजा जिवंत हाताशी असला की उरलेले गप्प बसतात.

वसईकर
कुलाबकर, तुमचं दुःख समजतं. पण यिर्मया संदेष्ट्याचं बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेलं पत्रही वाचा: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नुसता छळच असता तर संदेष्टा असं लिहील? उलट, दुष्ट माणूस आपल्याहून नीतिमान माणसाला गिळतो आणि देव गप्प का, असं हबक्कूक हा दुसरा संदेष्टा खास्द्यांबद्दलच विचारतो. म्हणजे हा वाद बायबलमध्येच चालू आहे. मला यिर्मया पटतो.

मृण्मयी
दोन्ही बाजू खास्द्यांना माणुसकीच्या तराजूत तोलताहेत. त्यांचं लक्ष इजिप्तवर होतं. इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीशला इजिप्तचा पराभव झाल्यापासून यहूदा हा सरहद्दीचा मुलूख झाला. ब्रिटिश म्युझियममधल्या बाबेलच्या बखरीच्या पाटीत इ.स.पू. ५९७ च्या स्वारीची नोंद आहे: अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी शहर घेतलं, राजा (हाच यहोयाखीन) पकडला, मर्जीतला राजा बसवला, भरपूर खंडणी नेली. नोंद इतकीच. हा बसवलेला राजा म्हणजे सिद्कीया. तोच उलटला, म्हणून दुसऱ्या वेळी शहर राखलं नाही. दया आणि क्रौर्य, दोन्ही हिशेबातली.

हेमाडपंती
मृण्मयी, हिशेब होता हे मान्य. पण अश्शूरींचाही हिशेबच होता आणि त्यात माणसं हरवली. परिणाम वेगळा झाला, मी त्याबद्दल बोलतोय. बॅबिलोनियात खबार नदीकाठी, बंदिवानांतला संदेष्टा यहेज्केल याच्या घरी यहूदाचे वडीलधारे येऊन बसत. सल्ला घ्यायला, देव काय म्हणतो ते ऐकायला. पांगवलेल्या माणसांना हे जमलं नसतं.

कुलाबकर
जमवलं कोणी? त्या वडीलधाऱ्यांनी आणि यहेज्केलने. मंदिर नाही, यज्ञ नाही, अशा अवस्थेत शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळला, वचनं जपली. त्यांची मेहनत खास्द्यांच्या खात्यावर कशी टाकता? आणि यहोयाखीनची गोष्ट पुरी सांगा. कैदेच्या सदतिसाव्या वर्षी नबुखद्नेस्सरानंतरच्या राजाने त्याला तुरुंगातून काढलं, कैद्याचे कपडे उतरवले, जन्मभर आपल्या पंगतीला बसवलं. यरुशलेमला मात्र पाठवलं नाही. परतीची वाट उघडली ती पारसाच्या (इराणच्या) राजा कोरेशाने (सायरसने), इ.स.पू. ५३९ मध्ये खास्द्यांचं राज्य संपवल्यावर.