"बायकांची मॅच बघतं कोण?" याला काय उत्तर द्यावं?

माझी लेक तेरा वर्षांची, फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे. काल जेवताना तिच्या काकांनी विचारलं, "बायकांची मॅच बघतं कोण? मग पुरुषांएवढे पैसे कशाला?" ती काहीच बोलली नाही. हातमोज्याची पट्टी नुसती उघडत-लावत बसली. तिला नीट उत्तर द्यायचंय. काय सांगू?

उत्तर १
२६ डिसेंबर १९२० ची गोष्ट सांगा. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या सामन्याला ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं. प्रेक्षक होते हो, दारच लावून घेतलं!

उत्तर २
मी क्लबकडून खेळलेय. जर्सी मुलांच्या उरलेल्या, बाह्या कोपराखाली लोंबायच्या. सराव रात्री साडेनऊला, कारण तोवर मैदान त्यांचं. दिवसभर नोकरी. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तेव्हा ऑपरेशनचा खर्च बाबांनी केला. फिजिओ, चांगलं मैदान, पुरेशी झोप हे मिळालं असतं तर माझा खेळ कुठे गेला असता, हे मला कधीच कळणार नाही. याचा अजून राग येतो.

उत्तर ३
अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने समान पैशांसाठी कोर्टात जाऊन २०२२ मध्ये २.४ कोटी डॉलरची तडजोड मिळवली. फिफाच्या वर्ल्ड कपची बक्षिसं मात्र बघा: पुरुषांना २०२२ मध्ये ४४ कोटी डॉलर, बायकांना २०२३ मध्ये ११ कोटी.

प्रश्नकर्ती
गुडिसन पार्कचं सांगितलं. "त्रेपन्न हजार?" तिने दोनदा विचारलं. रविवारी काका येणार आहेत, त्यांना तीच सांगणार म्हणते.