मदत हवी आहे : केवळ गिटार आणि आवाज असलेले नवे अल्बम सुचवा

मी ठाणे ते वाशी हा प्रवास ट्रान्स-हार्बर लोकलने रोज करतो आणि त्या अर्ध्या तासात स्वतः गाणी लिहून गाणाऱ्या, मोठ्या कंपनीच्या झगमगाटापासून दूर असलेल्या कलाकारांचा एक अल्बम सलग ऐकतो. निक ड्रेकचा 1972 मधील ‘पिंक मून’ या वेळेत जवळजवळ नेमका बसतो. गिटार, आवाज आणि एके ठिकाणी थोडा पियानो, एवढाच त्याचा संसार. एड्रियन लेंकरच्या 2020 मधील ‘साँग्ज’मध्ये तारेवरून बोट सरकल्याची खरखरसुद्धा ऐकू येते, आणि मला नेमके हेच हवे असते. सुफ्यान स्टीव्हन्स व प्रतीक कुहाड ऐकून झाले आहेत.

ॲपच्या शिफारशींवर दोन महिने विसंबून पाहिले, परंतु तिथे फिरून फिरून चित्रपटगीतांच्या गिटारवरील आवृत्त्याच पुढे येतात (त्यांचा मला आता अक्षरशः वीट आला आहे).

भाषेची अट नाही, मराठी असल्यास आनंदच. मात्र ड्रम अगदी कमी असावेत, अल्बम पंचेचाळीस मिनिटांहून मोठा नसावा आणि तो फोनवर उतरवून घेता यावा, कारण प्रवासात नेटवर्क वारंवार तुटते. रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे नाही, त्यामुळे केवळ तबकडीवर मिळणारे अल्बम कृपया सुचवू नयेत.

2022 नंतर आलेला, या चौकटीत बसणारा आणि आपण स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला अल्बम कोणता, आणि त्यातले कोणते गाणे मी आधी ऐकावे?