कापूस भरलेल्या घरात दहावीचा अभ्यास कसा करावा? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले शेतकरी. मुलगी यंदा दहावीला आहे.

घर दोन खोल्यांचं. भाव वाढेल या आशेवर आतल्या खोलीत कापूस भरलाय, पार छतापर्यंत. त्याच्याजवळ बसलं की अंगाला खाज सुटते. बाहेरच्या खोलीत स्वयंपाक, येणारी-जाणारी माणसं आणि सासऱ्यांचा टीव्ही. त्यांना ऐकू कमी येतं, बंद करा म्हणायला जीव होत नाही. शेजारी पाठवावं तर तिथेही कापूसच.

मुलगी कष्टाळू आहे. रात्री उशिरापर्यंत तोच धडा मोठ्याने वाचते, ओळी रंगवते. पण दोन दिवसांनी विचारलं की उत्तर अर्धंच येतं आणि ती रडकुंडीला येते. भूमितीचं प्रमेय पाठ असतं, आकृती फिरवली की अडते. मी आठवीपर्यंत शिकलेली, तिचं तपासू कसं?

गावात अभ्यासिका नाही. संध्याकाळी शाळेची एखादी खोली मिळते का? कुणाच्या गावात असं चालू आहे का? कापूस विकून टाका असं कृपया सांगू नका, तो निर्णय माझ्या एकटीचा नाही.

प्रतिसाद:
ताई, मी यावलकडे शिक्षक आहे. पोरगी वाचते भरपूर, पण आठवून बघत नाही. धडा वाचला की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून सुटलेलं भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. वाचताना 'येतंय' वाटतं, त्यावर विसंबू नका.

तपासायला तुमची आठवी पुरे. पुस्तक तुम्ही धरा, धड्याखालचे प्रश्न विचारा, तिला अहिराणीत समजावू द्या. अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. टीव्ही चालू असताना गणितं सोडवू द्या, पाठांतराचं काम पहाटेला ठेवा. मात्र मग रात्री लवकर झोपवा, झोप तोडून काही टिकत नाही.

खोलीसाठी चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. किल्ली कोणाकडे आणि मुलींना घरी आणायची पाळी कोणाची, हे अर्जातच लिहा. नकार बहुतेक त्याच काळजीपोटी येतो.

ती अडते त्या प्रमेयाचा फोटो इथे टाका, आकृती वेगवेगळ्या अक्षरांनी कशी काढायची ते दाखवतो.