फॅरो बेटांवरची अव्वल लीगची मैदानं : आठ दिवसांत कोणती बघावीत?

दख्खनचा_गोली

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस फॅरो बेटांवर जायचं ठरतंय. पुण्याहून कोपनहेगन, तिथून पुढचं विमान. डोंगर-धबधबे बघू, पण मुख्य हेतू तिथल्या अव्वल फुटबॉल लीगची मैदानं बघणं आणि जमतील तेवढे सामने गाठणं हा आहे. अख्ख्या देशाची वस्ती ५४-५५ हजार आणि वरच्या लीगमध्ये दहा क्लब, हे गणितच मला ओढून नेतंय.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवला तर चालेल का? गाडी घ्यावीच लागेल का? क्लाक्सविकचा केआय संघ युरोपच्या स्पर्धेत खेळला तेव्हा काही सामने स्वतःच्या मैदानावर आणि काही राजधानी टोर्सहावनला झाले, ते का? आणि जवळजवळ सगळीकडे कृत्रिम गवत का आहे? इतका पाऊस पडणाऱ्या हिरव्यागार बेटांवर खरं गवत टिकू नये याचं नवल वाटतं.

उत्तरवारा

बेत क्लबच्या नावावरून आखू नका, बेटावरून आखा. मुक्काम टोर्सहावनलाच ठेवा. एचबी आणि बी-३६ या राजधानीतल्या दोन्ही क्लबांची मैदानं गुंडादालूर या एकाच भागात आहेत आणि राष्ट्रीय मैदान टोर्सवोत्लुरही तिथेच, अगदी लागून. एका दुपारी तिन्ही बघून होतात. एचबीची स्थापना १९०४ची, बी-३६ची नावाप्रमाणे १९३६ची. या दोघांतला सामना तुमच्या तारखांत येत असेल तर बाकी सगळं त्याभोवती बसवा.

पूर्वेकडे जाणं आता फार सोपं झालंय. डिसेंबर २०२०मध्ये समुद्राखालचा ११.२ किमीचा एस्तुरोय बोगदा सुरू झाला. त्याआधी टोर्सहावन ते रुनाविक ६४ मिनिटं लागायची, आता १६ लागतात. क्लाक्सविक ६८ मिनिटांवरून ३६वर आलं. बोगद्याच्या मध्यावर समुद्राखाली गोल चौक आहे. तिथून एक फाटा स्ट्रेंदुरकडे जातो, दुसरा रुनाविकच्या बाजूला. तोफ्तिर, रुनाविक आणि पुढे गोता, क्लाक्सविक यांच्यासाठी रुनाविकचा फाटा धरायचा. चुकीच्या फाट्याने बाहेर पडलात तर खाडीच्या पलीकडच्या तीरावर निघाल, आणि तिथून गोतापर्यंत खाडीला वळसा पडतो. सामन्याआधी जेमतेम अर्धा तास हातात ठेवून निघालात तर तेवढ्यानेही उशीर होतो.

रुनाविकचा एनएसआय आणि तोफ्तिरचा बी-६८ शेजारी-शेजारी. गोताचा व्हिकिंगुर हा २००८मध्ये गोताचा जीआय आणि लाइरविकचा एलआयएफ एकत्र होऊन झालेला संघ, त्याचं मैदान सार्पुगेरी. लाइरविकहून पुढे २००६चा ६.२ किमीचा दुसरा बोगदा, तो ओलांडला की क्लाक्सविक. हे सगळं एका ओळीत आहे, म्हणून दिवसा दोन मैदानं बघून संध्याकाळी तिसऱ्यावर सामना असं सहज जमतं.

गाडीशिवाय भागतं का? टोर्सहावन–क्लाक्सविक ४०० क्रमांकाची निळी बस आहे आणि विमानतळावरून शहरात ३०० क्रमांकाची. शहरातल्या लाल बसला तिकीट नाही. पण रविवारी फेऱ्या कमी असतात, त्यामुळे सामन्याला जायची बस बघताना परतीची आधी बघा. दोघे-तिघे असाल तर सरळ गाडी घ्या. समुद्राखालच्या बोगद्यांना टोल आहे. नाक्यावर थांबावं लागत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि भाड्याच्या गाडीचा हिशेब बहुतेक गाडीवाल्याकडूनच येतो. गाडी ताब्यात घेतानाच टोल कसा लावणार हे विचारून ठेवा.

वेळापत्रक फार आधी पक्कं धरू नका. दहा संघ, प्रत्येकाशी तीनदा, म्हणजे २७ फेऱ्या. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. ऑगस्टमध्ये युरोपच्या पात्रता फेऱ्या चालू असतात, एखादा संघ त्यात टिकला की त्याचा लीगचा सामना सरकतो. विमानाची तिकिटं काढा, मात्र कोणत्या दिवशी कुठलं मैदान हे निघायच्या आठवड्यात ठरवा.

मैदान_मोजणी

केआयच्या प्रश्नाचं उत्तर युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, वर्गवारीत आहे. युएफा मैदानांचे चार वर्ग करते. पहिल्या वर्गाला किमान २०० खुर्च्या, दुसऱ्याला १,५००, तिसऱ्याला ४,५००, चौथ्याला ८,०००. खुर्ची म्हणजे जमिनीला पक्की बसवलेली, नंबर असलेली, पाठ टेकायला किमान ३० सेंमी उंचीची स्वतंत्र खुर्ची. लाकडी बाकं, उतारावरची हिरवळ, उभं राहायच्या पायऱ्या यांतलं काहीही मोजत नाहीत. एखाद्या फॅरो मैदानाची क्षमता पाच-सहा हजार लिहिलेली दिसली तर आधी विचारायचं, की त्यात बसणारे किती आणि उभे किती. शिवाय दिव्यांचा प्रकाश, पंचांची खोली, उत्तेजक चाचणीची खोली, कॅमेऱ्यांची जागा, पत्रकारांची सोय या सगळ्यांच्या अटी वर्गागणिक चढत जातात.

पात्रता फेऱ्यांना खालचा वर्ग चालतो. म्हणून २०२३च्या जुलैमध्ये हंगेरीचा फेरेन्त्सवारोश क्लाक्सविकच्या जूपुमिरा मैदानावर येऊन ०-० खेळला, आणि परतीच्या सामन्यात केआयने बुडापेस्टमध्ये जाऊन ३-० असं हरवलं. पुढच्या फेरीत स्वीडनच्या हेकेनला पेनल्टींवर बाहेर काढलं. त्या जोरावर केआय कॉन्फरन्स लीग या युएफाच्या तिसऱ्या पायरीच्या क्लब स्पर्धेच्या गटात पोहोचला, फॅरोचा असा पहिलाच क्लब. गटसाखळीच्या अटी जूपुमिरावर पुऱ्या होत नव्हत्या, त्यामुळे ते सामने टोर्सवोत्लुरला गेले. तिथे फ्रान्सच्या लीलशी ०-० झालं आणि स्लोव्हेनियाच्या ओलिम्पिया ल्युब्लियानावर ३-० विजय मिळाला. पाच हजारांच्या गावाच्या क्लबने हे केलं. मला आजच्या युरोपियन क्लब फुटबॉलमधली याहून मोठी गोष्ट आठवत नाही.

आता गवत. पाऊस भरपूर म्हणजे गवत उत्तम, हे मेंढ्यांच्या कुरणाला लागू पडतं, खेळाच्या मैदानाला नाही. बेसाल्टवर मातीचा थर पातळ. टोर्सहावनला जुलैचं सरासरी तापमानही ११ अंशांच्या आसपास, त्यामुळे बुटांच्या स्टडने उखडलेली मुळं पुन्हा धरायला आठवडे लागतात. त्यात गावात सपाट जागा एकच. त्याच मैदानावर सहा वर्षांच्या पोरांपासून महिला संघ, राखीव संघ, मुख्य संघ सगळे रोज खेळणार. खरं गवत हा भार एक हंगामही सोसणार नाही.

मैदानांची नावंच बघा. जूपुमिरा म्हणजे खोल दलदल. रुनाविकचं मैदान 'ओढ्याकाठी', त्वोरोयरीचं 'मोठ्या नदीकाठी'. डोंगरउतारावर सपाट जागा मिळते ती पाणी साचतं तिथेच. म्हणून इथे मैदान बांधणं म्हणजे आधी पाण्याची वाट काढणं. खडक फोडायचा, जाड खडीचा थर, त्यात छिद्रांच्या नळ्या, वर बारीक खडी, मग टर्फ म्हणजे कृत्रिम गवत. टर्फचे तंतू साधारण ५० ते ६० मिमी, त्यांच्या बुडाशी वजनासाठी सिलिका वाळू आणि वर रबराचे दाणे. मुंबईच्या कूपरेजसारख्या ठिकाणी अशा टर्फचा शत्रू ऊन, तापलेल्या मैदानावर पाणी मारावं लागतं. इथला शत्रू वारा आणि आडवा पाऊस. दाणे तरंगून कडेला जमतात, आणि गोलपोस्टसमोर, पेनल्टीच्या ठिपक्यावर, कॉर्नरला तंतू उघडे पडून आडवे होतात. तिथे चेंडू घसरतो आणि टाच अडकते. उपाय दोनच, जड ब्रश ओढून तंतू नियमित उभे करायचे आणि या तीन जागी दाण्यांची भर घालायची.

सामन्याआधी जमलं तर कुंपणाजवळून बघा. फिफाच्या वरच्या दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी दोन मीटरवरून सोडलेला चेंडू ६० ते ८५ सेंमी उसळला पाहिजे आणि उतरत्या पट्टीवरून सोडलेला ४ ते ८ मीटर घरंगळला पाहिजे. ते प्रमाणपत्र एका वर्षाचंच असतं, दरवर्षी पुन्हा चाचणी.

पेनल्टीबॉक्स

वरच्या दोघांचं पटतं, पण तोफ्तिर असं ओझरतं सांगून चालणार नाही. आठ दिवसांत एकच मैदान बघायचं असेल तर तोफ्तिरचं स्वांगास्कार बघा.

१९९०मध्ये फॅरोला युएफाचं सदस्यत्व मिळालं तेव्हा देशात आंतरराष्ट्रीय सामन्याला चालेल असं एकही गवताचं मैदान नव्हतं. होतं ते वाळू-खडीचं किंवा जुन्या प्रकारच्या कृत्रिम गवताचं, आणि स्पर्धात्मक सामन्यांना कृत्रिम गवत तेव्हा मान्य नव्हतं. म्हणून १२ सप्टेंबर १९९०चा ऑस्ट्रियाविरुद्धचा 'घरचा' सामना स्वीडनमधल्या लान्डस्क्रोनाला झाला. टोरकिल निल्सनचा गोल, लोकरी टोपी घातलेला गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन, आणि १-० विजय. त्यानंतर तोफ्तिरच्या वरच्या टेकाडात सुरुंग लावून जागा सपाट केली आणि गवताचं मैदान उभं केलं. टोर्सवोत्लुर १९९९मध्ये येईपर्यंत देशाचं घर तेच. नंतरही २००२मध्ये स्कॉटलंड इथे २-२ बरोबरीत अडकला. आता तिथेही कृत्रिम गवतच आहे, पण एका बाजूला फोडलेला खडक आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र बघितला की इथे मैदान मिळवणं म्हणजे काय ते डोळ्यांनी कळतं.

दुसरं ठिकाण आयी गावचं. तिथलं जुनं मैदान समुद्राला इतकं चिकटून आहे की चेंडू पाण्यात जायचाच. तिथला क्लब १९९३मध्ये स्ट्रेमुरशी एकत्र होऊन ईबी/स्ट्रेमुर झाला, त्यांचं मैदान आता स्ट्रेम्नेसला. आयीच्या जुन्या मैदानावर आज कॅम्पिंग चालतं, कॅरॅव्हान थेट टर्फवर उभ्या असतात. वाट वाकडी करून जा.

दक्षिणेचं सुवुरोय बेट मात्र सामन्याशिवाय गाठू नका. त्वोरोयरीचा टीबी हा देशातला सर्वांत जुना क्लब, १८९२चा. पण तिथे बोगदा नाही, टोर्सहावनहून बोटीला सुमारे दोन तास लागतात आणि रोजच्या फेऱ्या मोजक्या. त्यात दरवर्षी खालचे दोन संघ उतरतात, म्हणजे टीबी त्या हंगामात वरच्या लीगमध्ये आहे ना हे आधी तपासा. सामना असेल तर एक रात्र तिथेच मुक्काम धरा.

दख्खनचा_गोली

खूपच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. डेन्मार्कचा शेंगेन व्हिसा चालेल ना? आणि वारा किती असतो, सामने रद्द होतात का?

उत्तरवारा

व्हिसाचं आत्ताच बघा. फॅरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत आणि युरोपियन संघातही नाहीत. अर्ज करतानाच फॅरोला जाणार हे लिहायचं. मिळालेल्या व्हिसावर तो फॅरो बेटांसाठी वैध असल्याची वेगळी नोंद हवी. नुसत्या शेंगेन व्हिसावर कोपनहेगनपर्यंतच जाता येईल. परतीसाठी दोन प्रवेशांचा किंवा बहुप्रवेशाचा व्हिसा मागणं सुरक्षित. पैशांचं म्हणाल तर फॅरो क्रोनचं मोल डॅनिश क्रोनएवढंच आणि डॅनिश नोटा तिथे चालतात. उलट मात्र जमत नाही, फॅरोच्या नोटा डेन्मार्कच्या दुकानात घेत नाहीत. उरलेल्या नोटा निघायच्या आधी खर्च करा.

मैदान_मोजणी

पावसाने सामना थांबणं विरळा, टर्फखालून पाणी निघून जातं. वादळी वाऱ्याने मात्र पुढे ढकलले जातात, कारण चेंडू ठिपक्यावर ठरत नाही, आणि बाहेरच्या संघाची बोटही सुटत नाही. ऑगस्ट त्या मानाने शांत असतो.

वाऱ्याच्या दिवशी नाणेफेकीपासून लक्ष ठेवा. वारा पाठीशी असलेला संघ पहिल्या अर्ध्यात लांबून मारत सुटतो, पण लांब पास टप्पा पडून थेट गोलरेषेबाहेर जातात. वाऱ्याविरुद्धचा संघ गोलकीक जवळच्या बचावपटूला देऊन चेंडू जमिनीवर ठेवतो, कारण उंच मारलेला चेंडू मध्यरेषेच्या अलीकडेच थांबून मागे वळतो. अनेकदा चांगला खेळ वाऱ्याविरुद्ध खेळणारेच करतात.

छत्री नेऊ नका, उलटी होऊन मोडते. टोपीचं, वारा अडवणारं जॅकेट आणि पावसाची पँट न्या. आणि छताखालची जागा बघून लगेच बसू नका. पाऊस आडवा येतो, त्यामुळे वारा प्रेक्षागाराच्या पाठीकडून येत असेल तरच छताचा उपयोग. समोरून येत असेल तर पहिल्या पाच-सहा ओळी मैदानाइतक्याच भिजतात, तेव्हा वरची, मागच्या भिंतीलगतची रांग धरा.