आईला लाल झाडं आणि धबधबा दाखवायचाय, सोलापूरहून कुठं जाऊ?

भाकरतुकडा:
आई ६८ वर्षांची. टीव्हीवर काश्मीरचे चिनार बघितल्यापासून एकच धोशा, "असली लाल झाडं आपल्याकडं नसतेत का रे?" काश्मीर पगारात बसत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत दोन दिवसांत होईल असं सांगा. गुडघे दुखतात, चढ नको.

जुना सोलापूरकर:
मालक, ऑक्टोबरात सह्याद्रीत लाल पानं मिळायची नाहीत. आपल्याकडं गणित उलटं. फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला पालवी फुटते, ती लालभडक. तेव्हा धबधबे मात्र कोरडे.

आता जायचं तर साताऱ्याजवळ कास पठार. पण दसऱ्याची वाट बघू नका, सप्टेंबरातच उरका. जांभ्या दगडावर बोटभर माती, तेवढ्यावर सगळी फुलं. पाऊस हटला की पठार वाळत जातं. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी लांबूनच दिसते. सीतेची आसवं मात्र वाकून बघावी लागतात. हरभऱ्याच्या फुलाएवढं निळं-जांभळं फूल. दिसायला गरीब, पण ओल्या मातीतल्या बारक्या फुग्यांत किडे धरून खातं! मी उकिडवा बसून बघत होतो तर आमची ही म्हणाली, "रानात खुरपायला कधी असं बसला नाहीत."

रविवारी अजिबात जाऊ नका. आम्ही गेलो आणि दोन तास गाडीतच, समोरच्या जीपचा नंबर पाठ झाला. हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं, ते आधी बघा.

घाटवाट:
धबधब्यासाठी थोसेघर. समोरच्या गॅलरीतून दिसतो, खाली उतरायची गरज नाही. वाटेत सज्जनगड लागतो, पण तिथं पायऱ्या आहेत. आईंना पायथ्यावरूनच हात जोडू द्या.

भाकरतुकडा:
एसटीनं जमेल का? गाडी मेव्हण्याकडं आहे, आणि मागायची नाही.

जुना सोलापूरकर:
साताऱ्यापर्यंत जमेल की. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पुढं कास आणि थोसेघर दोन दिशांना, त्यामुळं एक दिवस रिक्षा नाहीतर जीप ठरवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. आणि आईंना स्वेटर. पठारावर ढग उतरला की सोलापूरचं माणूस कुडकुडतं.

भाकरतुकडा:
आईला वाचून दाखवलं. चिनार विसरली. म्हणती, "किडं खाणारं फूल? मंगळवारीच निघू."