राग येण्याच्या आधी काय होतं? (अनुभव धागा)

राग आल्यावर काय केलं हे सगळेच सांगतात. इथे त्याच्या आधीचं लिहायचं आहे: अंगात कुठे कळतं, कोणत्या वेळी, आणि निघतो कोणावर. ‘दहापर्यंत आकडे मोजा’ एवढाच सल्ला असेल तर राहू द्या, तो घरोघर देऊन झालाय. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि पोटापाण्यासाठी पुण्या-सुरतेला गेलेली आपली माणसं, सगळ्यांनी लिहा. अहिराणीत लिहिलं तर उत्तमच.

रावेर तालुका, केळीवाला
आमचा राग बोर्ड भावाबरोबर, म्हणजे केळीच्या जाहीर होणाऱ्या दराबरोबर, वरखाली होतो. माल कापणीवर आलाय आणि व्यापारी फोनवर म्हणतो, “बोर्डापेक्षा कमीनेच जाईल, माल बारीक आहे.” त्याच्यावर ओरडायची सोय नाही. तो आला नाही तर घड झाडावरच पिकून जायचे. मग सापडतो घड वाहणारा मजूर, नाहीतर जेवायला हाक मारणारी बायको. शेवटी तिनेच सांगितलं, “फोन ठेवला की तुम्ही आधी मान चोळता, मग कोणाला तरी धरता.” आता हात मानेकडे गेला की मी ठिबकच्या नळ्या बघायला निघतो. एखादी तरी चोंदलेली सापडतेच. ती साफ होईपर्यंत व्यापाऱ्यावरचा राग व्यापाऱ्यापुरता राहतो.

(वड्याचं तेल वांग्यावर, आणि आपल्याकडे वांग्यांना काय तोटा! पुढे लिहा.)

भुसावळ, लोको पायलट
रात्रभर गाडी चालवून आलं की दुपारी झोपायचं. त्या वेळी कुकरची शिट्टीसुद्धा अंगावर येते. मी तापटच आहे असं घरचे धरून चालले होते, मीही. एकदा रजेवर होतो, रात्रीची सलग झोप मिळत होती. तोच कुकर, तीच पोरं, आणि मला काहीच होईना. तेव्हापासून पैशाचा, शाळेचा, सासरचा विषय झोप झाल्यावरच. कोणी आधी काढलाच तर म्हणतो, “थांब, अजून साइन ऑफ झालो नाही,” म्हणजे ड्युटी सुटली नाही.

नंदुरबार, मिरची पथारीवर (मिरची वाळवतात तिथे) हिशेब बघतो
माझा राग अकराच्या सुमाराला येतो. सकाळी नुसत्या चहावर निघालेलो असतो. आता डब्यातली एक भाकरी दहालाच खातो. बाकी काही तत्त्वज्ञान नाही.

जळगाव, समुपदेशक
मान, झोप, भूक. तिघांनीही शरीराचंच सांगितलं, आणि ते बरोबर आहे. धोका वाटला की मेंदूतला अमिग्डाला हा धोका हेरणारा भाग आपण नीट विचार करण्याआधीच कामाला लागतो. अ‍ॅड्रेनलीन वाढतं, धडधडतं, जबडा आवळतो. ही खूण ओळखता आली की थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत काय बघायचं, तर आपली मागणी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीचा गाभा हाच: घटना आणि भावना यांच्या मधे आपला समज असतो. ‘त्याने असं वागायलाच नको होतं’ हा हट्ट सैल झाला तर संतापाची नाराजी होते, आणि नाराजीत डोकं चालतं.
उशी बडवून राग निघून जातो हे मात्र विसरा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून बॅग बडवणारेच जास्त चिडलेले निघाले. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे.
हात उगारला जात असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

अमळनेर, तिघी जावांतली मधली
‘हिला राग येतच नाही’ असं आमच्या घरात कौतुकाने सांगतात. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरते. ठरवतात पुरुष. पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजायची, सोलायची, मिरची-लसूण ठेचायचा, वर एवढ्या माणसांच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, हे आम्ही तिघी. गेल्या पौषात गरम वांगी सोलताना बोटं पोळत होती, आणि लक्षात आलं की मी दातावर दात दाबून बसलेय. संध्याकाळी डोकं दुखणार हेही तिथेच कळलं, दरवेळी तसंच होतं. धाकट्या दिरांना हाक मारली, “भाऊजी, या, सोलायला बसा.” आवाज चढवला नाही. आले. अर्धी काळी साल भरतात गेली, पण आले. डोकं दुखलं नाही.

धुळे, निवृत्त
विनोबांची गीतेवरची प्रवचनं 1932 मध्ये आमच्या धुळ्याच्याच तुरुंगात झाली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दुसऱ्या अध्यायात क्रम दिलाय: विषयाचं चिंतन, आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध. मी तो उलटा चालतो. मुलाने गाडी घेतली तेव्हा संतापलो. मागे मागे गेलो तर मूळ इच्छा एवढीच निघाली, त्याने आधी मला विचारावं. हिला सांगितलं तर म्हणते, “पहिले च्या पी ल्या, मंग फोन करा.”

चोपडा, कापूस
सगळे राग उतरवायच्या मागे लागलात. माझा राग बरोबर असेल तर? घरी कापूस घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर संशय आला. कानशिलं तापली. म्हटलं, आता तोंड उघडलं तर गल्ली मलाच भांडखोर म्हणेल. आत जाऊन युरियाची 45 किलोची न उघडलेली गोणी आणली, काट्यावर ठेवली. 42. “गोणीच कमी भरली असेल,” म्हणाला. दुसरी ठेवली, तीही 42. माल दिला नाही, शेजारच्या दोघांनीही थांबवला. वजनमापांच्या ऑफिसात अर्ज दिलाय, पोच घेतलीय. राग अजून आहे, असू दे, पुढच्या फेऱ्या मारायला लागेल. अर्जाचं काय होतं ते इथेच लिहीन.