क्रॉफर्ड मार्केटवरील उठावशिल्पे जलरंगात रंगवताना

प्रश्न (जलरंग साधक):
मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची उठावशिल्पे आहेत. त्यांचे जलरंगचित्र मी करीत आहे. रेखांकन प्रमाणात उतरले आहे, परंतु रंग भरल्यावर आकृत्या दगडातून वर आलेल्या न वाटता वरून चिकटवल्यासारख्या दिसतात आणि बाह्यरेषा गडद केल्यास हा दोष अधिकच वाढतो. उठाव कसा साधावा?

उत्तर (छायाप्रकाश):
बाह्यरेषा सोडून द्यावी. उठावशिल्पात आकृती पार्श्वभूमीला जोडलेली असते, त्यामुळे प्रकाशाकडील तिची कड अनेक ठिकाणी विरून जाते आणि विरुद्ध बाजूस मात्र पडछायेची कड धारदार दिसते. दोन्ही कडा सारख्याच रंगवल्या की आकृती सुटी पडते. अतिउजळ जागा कोऱ्या ठेवून यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) पातळ थर द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणाने सर्व छाया, आकृती व पार्श्वभूमी असा भेद न करता, सलग रंगवाव्यात. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसत असल्याने दगडाचा पोतही त्यातून मिळतो. काळा रंग कृपया वापरू नये.

उत्तर (वास्तुवेध):
सलग छायेची सूचना मला पूर्ण मान्य आहे, पण ती एकरंगी राहू नये. खालून परावर्तित होणारा उजेड वस्त्रांच्या चुण्यांच्या तळाशी ऊब आणतो. तेथे थर ओला असतानाच बर्न्ट सिएना सोडावा.

शिवाय शिल्प एकटे रंगवू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. ही शिल्पे करणारे जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत आले आणि जवळच्याच जे. जे. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवू लागले. विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. ही शिल्पे या वास्तूसाठीच घडलेली असल्यामुळे कुर्ल्याचा पिवळसर आणि वसईचा तांबूस दगड चित्रात आल्यावाचून त्यांचे स्थान कळत नाही. कमानीचा थोडा भाग अवश्य घ्यावा, मात्र त्यातील प्रत्येक सांधा मोजत बसू नये.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. जागेवर बसून काम करताना छाया सरकत राहते, त्याचे काय करावे?

उत्तर (छायाप्रकाश):
बसल्याबरोबर पडछायांच्या सीमा पेन्सिलने आखून घ्याव्यात आणि पुढे उजेड कितीही बदलला, तरी त्या हलवू नयेत.